आमची पुतणी परत द्यायची ठरली तेव्हा

बोरी बुद्रुकात माझ्याएवढा मोठा मंडप कोणाकडे नाही. हे मी म्हणत नाही, लोक म्हणतात. मी फक्त त्यांना म्हणायला लावतो. एकदा वावटळीत माझं छत उडालं, ते कुकडी नदी ओलांडून पलीकडच्या गावात एका उघड्यावरच्या लग्नावर जाऊन अलगद बसलं, आणि तिकडच्या नवरीच्या बापाने मला आहेराची टोपी पाठवली. टोपी अजून आहे. खोटं वाटत असेल त्याने येऊन बघावी. तर असल्या माणसाच्या सख्ख्या भावाकडे दत्तक मुलगी येणार म्हटल्यावर मी काय हातावर हात ठेवून बसणार होतो?

दादा-वहिनींना मूल नव्हतं. डॉक्टर झाले, देव झाले, तळेघरच्या रानातला झाडपालाही झाला. वहिनीचं माहेर तिकडलं. शेवटी वहिनीनेच मोबाईलवर सरकारी अर्ज भरला. तान्हं बाळ हवं असेल तर रांग इथून आळेफाट्यापर्यंत आणि तिथून परत. मोठं मूल चालणार असेल तर लवकर. वहिनी म्हणाली, "चालंल की. न्हाऊमाखू घालायचे दिस तेवढे वाचले." पुढे ते शब्द तिच्याच अंगावर आले, पण तेव्हा आम्ही सगळे हसलो.

पुण्याच्या संस्थेत दत्तकाचं काम बघणाऱ्या एक ताई होत्या. त्यांनी दादा-वहिनींना समोर बसवून स्पष्ट सांगितलं होतं. मुलगी आठ वर्षांची. याआधी एका घरी गेली होती. कागद पुरे व्हायच्या आतच त्या लोकांनी तिला परत आणून सोडलं. "ती तुमची परीक्षा घेईल," ताई म्हणाल्या.

"घेऊ द्या की," दादा म्हणाला. "आमी काय नापास व्हणारी मानसं हाय का?"

ती आली त्या दिवशी मी अंगणात मंडप घातला. साधासुधा नाही, आमदाराच्या मुलाच्या लग्नात वापरलेला, झालरीचा. कर्णे लावले, बँड बोलावला. बँडचा आवाज इतका होता की ओतूरच्या बाजारात म्हशी उधळल्या म्हणतात. पोर गाडीतून उतरली. तिने झालर बघितली, बँड बघितला, मला बघितलं.

"कुणाचं लग्न आहे?"

"लग्न नाय गं. तुझ्यासाठी हाय सगळं!"

"आणि काढणार कधी?"

"काय?"

"हे." तिने छताकडे बोट दाखवलं.

"उद्या सकाळी," मी म्हणालो. मंडप काय कायमचा असतो? तिने मान हलवली. जणू तिला तेवढंच विचारायचं होतं. मग ती कोणाचाही हात न धरता घरात गेली.

पुढचं सांगतो ते निम्मं करून ऐका, तरी खूप होईल. गादीखाली भाकरी लपवायची. एवढ्या, की मुंग्यांची रांग उंबऱ्यातून निघून ग्रामपंचायतीपर्यंत जायची. रात्री झोपायची नाही, दिवसा शाळेत डुलायची. ताट मनासारखं नसलं की भिरकावून द्यायची. रागावलं की पाण्याच्या टाकीवर चढून बसायची आणि उतरायची ती अंधार पडल्यावरच. वहिनीला हाक मारायची "ओ बाई." आणि रोज दिवेलागणीला, न चुकता, एकच प्रश्न: "उद्या मी इथेच आहे ना?" वहिनी म्हणायची, हो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी वहिनी जवळ घेऊन हो म्हणायची, मग भाकरी थापता थापता, मग दात आवळून.

थापा मारण्यात मात्र ती माझ्या वरताण होती. गावात इतकी वर्षं मी एकटाच होतो. आता स्पर्धा आली. शाळेत तिने सांगितलं की माझ्या काकाला बिबट्याने नेलं, नुसता एक बूट उरला. गुरुजी दुपारी समाचाराला आले, हात जोडून, चेहरा पाडून. दार मी उघडलं. गुरुजी अजून माझ्याकडे जरा संशयाने बघतात.

मला ती आवडायची. मी रस्त्यापलीकडे राहतो, मला आवडायला काय जातंय? चोवीस तास तिच्याबरोबर वहिनी होती. पोर चावायची. दादाला नाही, मला नाही, फक्त वहिनीला. वहिनीच्या मनगटावर बांगड्यांच्या मागे बांगडीसारखीच एक गोल खूण कायम असायची.

मधेच जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचा आदेश आला. आता पोर कायद्याने दादा-वहिनींची झाली. पेढे वाटले. दादाने आदेश फ्रेम करून देवघराशेजारी लावला, आणि जी वस्तू भिंतीवर लावतात ती कोणी वाचत नाही, या नियमाने आमच्यापैकी कोणीही तो वाचला नाही. पोरीने विचारलं हे काय. दादा म्हणाला, "आता तू आमची."

"त्या घरातले पण असंच म्हणायचे," ती म्हणाली आणि पेढा खिशात घातला.

आता आम्ही काय केलं ते ऐका. असला पराक्रम आमच्याच भागात होऊ शकतो.

दत्तक दिल्यावर संस्थेच्या ताई सहा-सहा महिन्यांनी घरी येतात. मूल कसं आहे, तुम्हाला काही जड जातंय का, हे विचारायला. पण आमच्याकडे घरात कोणी कागद-पेन घेऊन मुलगी बघायला येणार म्हटलं, की त्याचा अर्थ एकच: बघण्याचा कार्यक्रम. पिढ्यान् पिढ्या आम्ही पाहुण्यांसमोर घर उभं करत आलोय. शेजाऱ्याचा फ्रीज आपल्या स्वयंपाकघरात येतो, चुलत्याची जर्सी गाय आपल्या गोठ्यात बांधतात, आणि घरात भांडण असलं तरी पाहुण्यांच्या समोर सासू सुनेला "बाळा" म्हणते. पाहुण्यांना खरं सांगायचं असतं, हे आम्हाला कोणी शिकवलंच नाही.

ताईंचा फोन आला आणि मी गोडाऊनमधून महाराजा सोफा काढला. नवरा-नवरी बसतात तो, सोनेरी सिंहांच्या पायाचा. चार माणसांनी दारातून आडवा करून आत घातला. आमच्या मंडळींनी पोहे केले. पोरीला नवा फ्रॉक. फेकलेल्या ताटाने भिंतीला पडलेल्या खड्ड्यावर कॅलेंडर.

ताई सोफ्याच्या कडेला बसल्या, सिंहाला धक्का न लावता. "कशी आहे? झोपते? जेवते? काही त्रास?"

"लई गुनी पोर," दादा म्हणाला. "साखर हाय, साखर."

"वहिनी, तुम्ही सांगा ना."

वहिनीने पदर मनगटावर ओढून घेतला. "काय सांगायचं, ताई. समदं चांगलंय."

आणि पोर! पोरीने तर आमच्या सगळ्यांवर कडी केली. वहिनीच्या मांडीला टेकून म्हणाली, "आई, ताईंना अजून पोहे दे ना." आई म्हणाली! दादाच्या डोळ्यांत पाणी आलं. ताईही हसल्या, पण जाताना फाटकाशी थांबून वहिनीला म्हणाल्या, "काही वाटलं तर मधेच फोन करा. सहा महिने थांबू नका."

गाडी वळली. पोरीने फ्रॉकची बटणं काढायला सुरुवात केली. "झालं ना? मी बरोबर बोलले ना? आता भूक लागली, ओ बाई."

वहिनी त्या सिंहांच्या सोफ्यावर बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. पुढच्या खेपेलाही आम्ही तेच केलं. सोफा, पोहे, साखर. फक्त वहिनी तेव्हा रडली नाही. ताई गेल्यावर उठून भांडी घासायला लागली. ते मला जास्त वाईट वाटलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आमचे मामा आले, आण्याच्या पठारावरून, मेंढरं घेऊन. आमचं सगळं घराणं मूळचं मेंढरामागचं. आम्ही शेतीत आणि मंडपात आलो, मामा राहिले. कांदा निघालेल्या रानात खतासाठी त्यांची मेंढरं बसवायची, ही आमची दरसालची रीत. मामा म्हणजे आमच्या घरात शेवटचा शब्द. ते बोलले की वाद संपला, आणि ते शिंकले तरी आम्ही दोन मिनिटं विचार करतो.

संध्याकाळी ओट्यावर वहिनीचं सगळं ऐकून घेतल्यावर मामा म्हणाले, "मग द्या की मला."

"काय, मामा?"

"पोरगी. माज्याकडं घरात एवढी पोरं, त्यात एक. मेंढरामागं फिरंल, भाकर खाईल, वारं लागलं की सुधरंल. मी सुदा असाच वाढलोय. माज्या आईनं मला चुलतीच्या ओटीत घातलं, नारळ दिला, झालं. आपल्यात कागद कुठं लागत्यात?"

मामांच्या बोलण्यात कपट नव्हतं. मी आजही सांगतो, नव्हतं. दादा खाली बघत म्हणाला, "बघू."

वहिनी चूल पेटवायला आत गेली. आणि वर, टाकीवर, पोर पाय सोडून बसलेली होती, हे आम्हाला नंतर कळलं.

दिवस बुडायच्या सुमारास ती सापडेना.

टाकीवर नाही, शाळेत नाही, मेंढरांत नाही. आमच्याकडे घराला लागून ऊस, आणि उसाला लागून बिबट्या. त्याच आठवड्यात त्याने शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं उचललेलं. वहिनी अनवाणी उसाच्या सरीत घुसली. दादा तिच्या मागे. मी टेम्पो काढला. मागे मंडपाचं सामान, ताडपत्री, वर कर्णे. माईक हातात घेतला आणि सुरू केलं, "ऐका हो ऐका! निळा फ्रॉक, आखूड केस, वय वर्षं नऊ, जिला दिसंल तिनं, ज्याला दिसंल त्यानं..." वस्तीवरून वस्तीवर, बांधाबांधाने. काय काय बोललो देव जाणे. "ये गं बये! तुला काय पायजे ते देतो! जनरेटर देतो! टेम्पो देतो!" मामा मेंढरं सोडून काठी घेऊन रानात. गावातली पोरं बॅटऱ्या घेऊन. माझा आवाज पार ओझरच्या गणपतीपर्यंत गेला असणार, आणि गणपतीनेही कान हलवले असणार.

हिंडून हिंडून परत दारात आलो. माईक बंद केला. तेव्हा मागे ताडपत्रीखालून आवाज आला, "काका, जनरेटर नको. टेम्पो चालेल."

सगळा वेळ ती माझ्याच टेम्पोत होती. मी तिला तिच्याच डोक्यावरच्या कर्ण्यातून हाका मारत गावभर फिरवलं होतं.

लोक हसले. मीही हसलो, एवढी भीती गेल्यावर हसूच येतं. ताडपत्री बाजूला करून ती उतरली. समोर वहिनी. उसाच्या पात्यांनी वहिनीचे हात, तोंड, गळा कापलेलं, पायाला चिखल आणि रक्त. वहिनीने तिच्याकडे बघितलं आणि सगळ्या गावादेखत तिच्या थोबाडीत मारली. एकदा नाही. मी मधे पडलो तोवर तिसरी पडली होती.

पोर रडली नाही. तिने वहिनीकडे असं बघितलं, जणू ही ओळखीची गोष्ट आहे, उशिरा आली एवढंच.

वहिनी आत गेली. मी मागून गेलो तर ती चुलीपुढे दोन्ही हात पदरात गुंडाळून बसलेली.

"भाऊजी, आज हात उचलला. उद्या काय उचलंल मला ठावं न्हाई. तिला पोचवा."

"कुठं?"

"कुठं बी. मामांकडं, संस्थेत, कुठं बी. माज्यापासनं लांब पोचवा. मी चांगली न्हाई तिला."

सकाळी मामा नारळ घेऊन तयार. मेंढरं निघणार, पोरीचं बोचकं बांधायला घ्या. दादा रात्रभर जागा. तो मानेनेच हो म्हणाला. मामांचा शब्द मोडायची आमच्यात कोणाची टाप नाही. पण मामा एका गोष्टीला मात्र वचकतात, ती म्हणजे कोर्ट. मी म्हणालो, "मामा, तुमी सांगाल तसंच करू. फक्त सरकारनं लिवून दिल्याली पोर हाय. उद्या पोलीस तुमच्या मेंढरामागं यायचं. येकदा जुन्नरला वकिलाला इचारून येतो."

"पोलीस?" मामांनी नारळ खाली ठेवला. "जावा, या इचारून."

जुन्नरला आमच्या ओळखीच्या एक वकिलीणबाई आहेत. बाजारपेठेतल्या कापडवाल्या जैन घरातल्या. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून आले, पण बाईंचं मराठी असं की दादा-मी त्यांच्यापुढे परदेशी. खाली सासरे साड्या उलगडतात, वर बाई कायदा उलगडतात.

दादा खुर्चीवर बसेना. उभ्यानेच म्हणाला, "परत द्यायचीय."

"काय?"

"पोरगी."

बाईंनी चष्मा काढला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आदेश वाचलाय का तुम्ही?"

"फ्रेम केलाय," दादा म्हणाला.

"फ्रेम केलाय! भाऊ, त्या आदेशाच्या दिवसापासून ती तुमच्या पोटच्या पोरीसारखी. नाव तुमचं, जमिनीत हक्क तिचा. पोटची पोर चावते म्हणून कोणाला परत देता? दवाखान्याला?"

"म्हंजे आमी बांधलोच का जन्माला?" दादाचा आवाज चिरकला. "माजी बायको मरंल, बाई."

बाई जरा मऊ झाल्या. "तसं नाही. कायद्याला माहितीय की कधीकधी मोडतं. वाट आहे. पण ती वाट संस्थेतून जाते, बालकल्याण समितीकडून जाते. आधी तुम्हाला मदत द्यायची, समुपदेशन करायचं. तरी नाहीच जमलं, तर जिल्हाधिकाऱ्यांपुढे अर्ज. आणि त्यात पोरीला विचारतात, तिची काळजी कोण घेणार ते आधी बघतात. मामांच्या कळपामागे बोचकं बांधून पाठवणं ही वाट नाही, तो गुन्हा आहे. मामाही आत, तुम्हीही आत."

"आमच्यात रीत हाय," दादा पुटपुटला.

"असेल. तुमच्या मामांना ज्या चुलतीकडे दिलं, ती चुलती त्यांना आवडायची का? कोणी विचारलं होतं?" मामांना असलं काही विचारायचं कोणाला सुचणार? "बरं, संस्थेच्या ताईंना सांगितलंत का हे सगळं? त्या येऊन जातात ना?"

दादा माझ्याकडे बघायला लागला, मी खिडकीकडे.

"चांगलंच लिवलं असंल त्यांनी," मी म्हणालो. "आमी सोफा आनला व्हता."

मग सोफ्याची सगळी कथा सांगावी लागली. सिंहांसकट. बाई आधी हसल्या, टेबलावर हात आपटून हसल्या, खालून सासऱ्यांनी विचारलं काय झालं म्हणून. मग एकदम थांबल्या.

"डॉक्टर घरी येणार म्हटल्यावर ताप लपवून बसता का हो? ती बाई तुमची परीक्षा घ्यायला येत नव्हती. तुमच्या मदतीला दुसरं कोणीच येणार नव्हतं, तेवढी एकच येत होती. तिला तुम्ही पोहे खायला घालून परत पाठवलंत." त्यांनी फोन दादापुढे सरकवला. "लावा. इथूनच."

दादाने लावला. घाम पुसला. "ताई, मी बोरीहून. ताई, लवकर या." थोडा वेळ ऐकत राहिला. "न्हाई, साखर न्हाई ती. अजाबात न्हाई. माजी बायको लई थकलीय, ताई. तिनं काल मारलं पोरीला." मग, "व्हय. व्हय. या बारीला सोफा न्हाई आननार."

ताई दुसऱ्याच दिवशी आल्या. मामा अजून थांबले होते. कोर्टाचं काय झालं ते कळल्याशिवाय नारळ उचलायचा नाही म्हणून. ताई ओट्यावर सतरंजीवर बसल्या. सवयीने आमची मंडळी पोहे घेऊन आलीच, आणि सवयीने मामाही सुरू झाले, "पोरगी तशी गुनी हाय बरं का ताई..."

"मामा, गप बसा," वहिनी म्हणाली.

आमच्या घरात मामांना गप बसा म्हणणारी वहिनी पहिली. मी जरा मागे सरकलो, वीज पडली तर अंगावर नको. पण मामा खरंच गप्प बसले.

मग वहिनी बोलली. मनगट पुढे केलं. चावणं सांगितलं, रोजचा तो प्रश्न सांगितला, ताट सांगितलं, थोबाडीत मारलेलं सांगितलं, आणि मारताना हाताला बरं वाटलं होतं, हेही सांगितलं. ते ऐकून दादा उठून गोठ्याकडे गेला, परत आला, पुन्हा गेला. मी माईकची वायर गुंडाळत बसलो; गुंडाळून झाली की सोडायची, परत गुंडाळायची.

"मारणं चालणार नाही," ताई म्हणाल्या. "हे मी लिहिणार, झाकणार नाही. पण तुम्हाला मदत मिळावी म्हणून लिहिणार. वहिनी, तुम्ही वाईट नाही. तुम्ही दीड वर्ष झोपला नाहीत." मग त्यांनी एक-एक सांगायला घेतलं. मंचरला समुपदेशक आहेत, त्यांच्याकडे दर आठवड्याला दोघींनी जायचं, आणि दादानेही, नुसतं सोडायला नाही. वहिनीने आधी चार दिवस माहेरी जाऊन झोपायचं. ताई स्वतः महिन्याला येणार. "एवढं करून नाही जमलं, तर परत बसू. तेव्हा तुम्ही पापी ठरणार नाही. पण ती कुठे राहणार, ते तिच्या पाठीमागे ठरणार नाही."

"एवढ्याशा पोराला काय इचारायचं?" मामांना राहवलं नाही.

"मामा, चाललंय ते तिच्याबद्दलच ना?"

मामांनी पागोट्याखाली डोकं खाजवलं. बराच वेळ खाजवत राहिले.

ताई पोरीला घेऊन मेंढरांच्या पलीकडे बांधावर जाऊन बसल्या. आम्हाला दिसत होत्या, ऐकू येत नव्हतं. इकडे आमचं काय झालं म्हणता! दादाने अंगणात एवढ्या येरझाऱ्या घातल्या की तिथे पुढे पाट काढता आला असता. वहिनी उंबऱ्यावर बसून एकाच तांब्याला राखेने घासत होती. तांब्या पातळ होऊन पलीकडचं दिसायला लागलं असतं. परत पाठवा म्हणणारी तीच, आणि बांधाकडे डोळे लावून बसलेली पण तीच. मला वाटलं पोर आता म्हणणार, नेऊन सोडा मला. म्हणायला हक्कच होता तिला.

दोघी आल्या. ताईंनी पोरीकडे बघितलं, "तू सांगतेस की मी?"

"मी." पोर वहिनीसमोर उभी राहिली, हातभर लांब. "मी आज नाही सांगणार."

"म्हंजे?" दादा.

"आधी मी बघणार. मग सांगणार."

"किती दिस बघनार?"

"ते पण मीच ठरवणार."

मामा ताईंकडे बघायला लागले, की या आता दोन शब्द सुनावतील. ताई म्हणाल्या, "चालेल."

मामांनी नारळ उचलला, आणि काय करावं ते न कळून माझ्या हातात दिला. दुपारी मेंढरं हलली. जाताना पोरीला म्हणाले, "मला कुनी इचारलं नव्हतं बरं का." रागाने म्हणाले की कशाने, ते मला अजून कळलेलं नाही.

वहिनी तळेघरला गेली. तिकडे एसटी दिवसातून कधी येते ते एसटीलाही माहीत नसतं. भाताच्या खाचरांतून निम्मी वाट चालावी लागते. ती तिथे झोपली. तिचा भाऊ सांगतो, दुसऱ्या दिवशी उठली ते थेट गुरं परतायच्या वेळी. इकडे पोर पहिल्या दिवशी खूश होती. दुसऱ्या दिवशी तिने दादाला विचारलं, "त्या येणार आहेत ना?" तिसऱ्या दिवशी तीनदा. दादा दर वेळी हो म्हणाला आणि मग मला बाजूला घेऊन विचारायचा, "येईल ना रं?"

आली. येताना शेवया आणल्या. पोरीने शेवया खाल्ल्या, ताट फेकलं नाही, आणि रात्री वहिनीच्या गादीवर पाणी ओतलं. सगळंच एकदम कसं होणार?

मंचरला दर आठवड्याला जातात. सुरुवातीला एसटीत दोघी वेगवेगळ्या बाकांवर, मधे दादा. समुपदेशकबाईंकडे काय बोलतात ते मला कोणी सांगत नाही, आणि मला सांगितलं तर ते मोठं होऊन गावात फिरेल, हे सगळ्यांना माहीत आहे. चावणं कमी झालंय, संपलेलं नाही. वहिनीला हात उचलावासा वाटला की ती मागच्या दाराने बाहेर पडते आणि विहिरीला फेरी मारून येते. कधीकधी संध्याकाळी तिच्या दोन-तीन फेऱ्या होतात. दिवेलागणीचा प्रश्न अजून येतो.

ताई परवा येऊन गेल्या. पोर पायरीवर बसून बुटाचा चिखल काडीने खरवडत होती. ताईंनी विचारलं, "मग? ठरलं का?"

"अजून नाही."

"बघणं चाललंय?"

"हो. यांचं काही कळत नाही." तिने वहिनीकडे काडी केली.

"कळंल तवा कळंल," वहिनी दारातून म्हणाली. "आधी त्या दप्तरातला डबा काढ. परवाची भाजी हाय त्यात, सगळ्या घरात वास सुटलाय."

"काढते ना! थांब की जरा!"

"थांबू? अळ्या पडंपर्यंत थांबू?"

"पडू दे! मी पाळीन!"

आणि दोघी भांडत आत गेल्या, डब्याचं झाकण उघडेना म्हणून अजून भांडल्या. ताई वहीत काहीतरी लिहीत होत्या. दादा त्यांच्या खांद्यावरून बघायला गेला, वाचता येईना म्हणून पलीकडून आला, तिकडूनही येईना. "काय लिवलं, ताई?"

"'अजून नाही' असं लिहिलं."

"बास?"

"तिने तेवढंच सांगितलंय ना?"

पुढच्या महिन्यात त्या परत येणार आहेत. दादाने आत्तापासूनच येरझाऱ्या सुरू केल्या आहेत.